ओकलंडचा बेसबॉल संघ गेला, त्यात शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचा वाटा किती?

फ्रीमाँटकर:
26 सप्टेंबर 2024 ला ओकलंड कोलिझियमवर शेवटचा सामना झाला. 46,889 प्रेक्षक होते आणि ओकलंडच्या अ‍ॅथलेटिक्सनी टेक्सासला 3-2 ने हरवलं. आता ते सॅक्रामेंटोत खेळतात, पुढे लास वेगास. मालकाला सगळेच दोष देतात, मीही देतो. पण जायंट्सना कोणी जाब का विचारत नाही?

1990 च्या आसपास जायंट्सना सॅन होजेच्या बाजूला मैदान हवं होतं. ओकलंडचे तेव्हाचे मालक वॉल्टर हास यांनी सांता क्लारा काउंटीवरचा, म्हणजे सॅन होजेच्या भागात संघ वसवण्याचा, हक्क एक पैसाही न घेता जायंट्सना सोडला. तिथल्या मतदारांनी मैदान नाकारलं, जायंट्सनी सॅन फ्रान्सिस्कोतच बांधलं, ते 2000 साली उघडलं. हक्क मात्र ठेवून घेतला. पुढे ओकलंडचा संघ सॅन होजेला जायला निघाला, तर हेच आडवे आले! अडीनडीला शेजाऱ्याने दिलेलं भांडं काम झालं की परत करतात. एवढा शेजारधर्म तरी पाळायचा.

खाडीकाठची:
दादा, तुमचा राग कळतो, पण हे पटत नाही. हासनी हक्क दिला तेव्हा ‘मैदान झालं नाही तर परत’ अशी अट कुठे घातली? सॅन होजे शहराने 2013 मध्ये खटलाही भरला, तो मेजर लीगवर, म्हणजे बेसबॉल चालवणाऱ्या संस्थेवर. लीगच जिंकली, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाही नकार दिला. त्यानंतर ओकलंडमध्येच मैदान बांधायला आठ वर्षं होती. 13 जून 2023 ला 27,759 लोक कोलिझियमवर जमून ‘संघ विका’ म्हणून ओरडले, ते मालकाला उद्देशून. जायंट्सचं नावही कोणी घेतलं नाही.

आणि खरं सांगू? आम्हा जायंट्सवाल्यांचं हाडवैर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सशी. दोघे न्यूयॉर्कमध्ये भांडत होते, 1958 ला कॅलिफोर्नियात आले ते भांडण घेऊनच. ओकलंडशी तसं कधी नव्हतं.

जुना बर्कलीकर:
ताई, ‘तसं’ नव्हतं हे मान्य, पण जे होतं ते हलकं नव्हतं. 17 ऑक्टोबर 1989 ला मी विद्यार्थी होतो. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, हेच दोन संघ, जायंट्सच्या कँडलस्टिक मैदानावर तिसरा सामना सुरू व्हायचा होता. 5 वाजून 4 मिनिटांनी जमीन हलली. ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को जोडणाऱ्या बे ब्रिजचा वरचा एक तुकडा खाली कोसळला, ओकलंडमध्ये ‘सायप्रस’ नावाचा दुमजली रस्ता गाड्यांवर बसला. सामना बघायला लोक लवकर घरी गेले होते म्हणून त्या रस्त्यावर गर्दी कमी होती, असं इथे आजही मानतात. दहा दिवसांनी खेळ पुन्हा सुरू झाला, ओकलंडने 4-0 ने सिरीज घेतली. आमच्या लॅबमध्ये निम्मे ओकलंडच्या हिरव्या टोपीचे, निम्मे जायंट्सच्या नारिंगी. त्या वर्षी कुणी कुणाला चिडवलं नाही.

2018 पासून या दोघांत एक ट्रॉफी होती, जुन्या बे ब्रिजच्या पोलादातून घडवलेली. डॉजर्सबरोबर अशी वस्तू आहे का तुमच्याकडे?

खाडीकाठची:
नाही. 1989 ला मी इथे नव्हते, त्यामुळे त्याबद्दल तुमचं ऐकते. पण हक्काच्या बाबतीत माझं मत तेच.

फ्रीमाँटकर:
अट लिहिलेली नव्हती, बरोबर. हासनी शेजाऱ्याच्या शब्दावर दिलं होतं. म्हणूनच मला ते जास्त लागतं.