मदत हवी आहे: डोमेन आणि होस्टिंग कुठून घेऊ? मंगळवारच्या आत पाहिजे

भोसरी_सेक्टर७
नमस्कार मंडळी. आमचं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, जिग-फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी साधनं) आणि व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं) जॉबवर्क करतो. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा) घ्यायचंय, कुठलं घेऊ? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो आणि खाली स्वतःची कूपनची लिंक देतो. स्वस्तातलं पण बंद न पडणारं पाहिजे. आमच्या नावाचं डॉट कॉम टाकून बघितलं तर अनअव्हेलेबल येतंय, ते कसं मिळवायचं तेही सांगा. मंगळवारी फॉर्म भरायचाय, त्यामुळे प्लीज लवकर सांगा, थिअरी नको.

पाषाणकर
कसला फॉर्म? साइट किती पानांची, ऑनलाइन विक्री आहे का, वर्डप्रेस टाकणार की कुणाकडून बनवून घेणार, बजेट किती? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काही सांगू शकणार नाही.

काळा_टर्मिनल
शेअर्ड होस्टिंगच्या नादी लागू नका. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट कोंबलेल्या असतात, शेजारच्याच्या साइटवर गर्दी झाली की तुमची स्लो. सरळ व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतःपुरता वेगळा हिस्सा) घ्या, मुंबईतलं डेटासेंटर निवडा, उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टम टाका, साइट दाखवणारं एनजिनएक्स टाका, लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं. मी गेली कित्येक वर्षं हेच करतोय, एकदाही त्रास नाही.

ताथवडे_वेब
तुम्हाला येतं म्हणून तुम्हाला त्रास नाही. वर्कशॉपवाला माणूस रात्री मशीन बंद करून सर्व्हरला सिक्युरिटी अपडेट मारत बसणार का? चार-पाच पानांच्या साइटला साधं शेअर्ड भरपूर होतं. फक्त पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, रिन्यूअलचा दर बघा, तो बऱ्याच ठिकाणी दुप्पट-तिप्पट असतो, आणि वर १८ टक्के जीएसटी लागतोच. जीएसटी नंबर टाकून बिल घ्या म्हणजे क्रेडिट मिळेल.

काळा_टर्मिनल
अपडेट ऑटोमॅटिक लावता येतात, दहा मिनिटांचं काम आहे. लोकांना उगाच घाबरवून सीपॅनेलमध्ये (शेअर्ड होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये) अडकवून ठेवायचं हे बरोबर नाही.

नारायणपेठ_दुकान
एवढं सगळं कशाला? गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, त्यात फुकट वेबसाइट मिळते. आमच्या शेजारच्या भांडीवाल्याची होती.

ताथवडे_वेब
होती. गूगलने त्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. प्रोफाइल अजून आहे, नकाशावर दिसण्यासाठी ते जरूर काढा, पण साइट त्यात मिळत नाही.

मायमराठी_जाल
माझा आग्रह आहे की मराठी माणसाने देवनागरीत डोमेन घ्यावं. डॉट भारत २०१४ पासून मिळतंय, मराठीत पत्ता टाईप करता येतो. आपणच नाही घेतलं तर कोण घेणार? डॉट कॉम गेलं तर गेलं.

भोसरी_सेक्टर७
अहो मी विचारलं काय आणि चाललंय काय. ऑनलाइन विक्री वगैरे काही नाही. चाकणच्या एका कंपनीचं व्हेंडर रजिस्ट्रेशन आहे, त्यांच्या पोर्टलवर जीमेल आयडी टाकला की लाल अक्षरात ऑफिशियल डोमेनचा आयडी टाका असं येतं. मंगळवारी शेवटची तारीख. फिक्स्चरचं मोठं काम आहे, ते हातचं जायला नको. डॉट कॉमचं सांगा कुणीतरी.

चाकण_परचेस
मी दुसऱ्या कंपनीत परचेसलाच आहे म्हणून सांगतो, हा नियम उगाच नाही. व्हेंडरच्या नावासारखाच जीमेल आयडी काढून "आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पेमेंट या खात्यावर करा" अशी मेल येते, अकाउंट्सवाला घाईत असतो, पैसे गेले की परत येत नाहीत. म्हणून आम्हीही आता नवीन व्हेंडरचा जीमेल चालवून घेत नाही. पण दादा, मग तुम्हाला ईमेल पाहिजे, वेबसाइट नाही. आमच्या फॉर्ममध्ये तरी वेबसाइटचा रकाना रिकामा ठेवता येतो.

सिसॅडमिन_कर्वेनगर
चाकणवाले बरोबर बोलले. ईमेलसाठी होस्टिंगची गरजच नाही. डोमेन हवं आणि मेलची सेवा हवी, झालं. होस्टिंग नंतर निवांत घ्या. आता डोमेनचं सांगा. अनअव्हेलेबल येतंय म्हणजे कुणीतरी घेतलंय. ते डोमेन ब्राउझरमध्ये टाकल्यावर काय उघडतं?

भोसरी_सेक्टर७
आमचीच साइट उघडते की. जुनी आहे, पप्पांनी बनवून घेतली होती, मशीनचे फोटो पण जुने आहेत. व्हिजिटिंग कार्डवर आणि गेटच्या बोर्डवर तोच पत्ता आहे. बनवणारा आता फोन उचलत नाही, म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं.

पाषाणकर
अहो भाऊ, हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलं! डोमेन तुमचंच आहे, नवीन कसलं घेताय?

नारायणपेठ_दुकान
फसवणुकीची केस आहे ही. १९३० ला फोन लावा, सायबरला तक्रार टाका आणि वकिलाची नोटीस पाठवा. अशा वेबसाइटवाल्यांना धडा शिकवलाच पाहिजे.

ताथवडे_वेब
१९३० ऑनलाइन पैसे गेले की लावायचा नंबर आहे. इथे पैसे गेलेले नाहीत, माणूस फोन उचलत नाही एवढंच आहे. नोटिशीचं उत्तर यायला महिना जाईल, मंगळवार कधीच गेला असेल.

कायदा_क्लास७
ट्रेडमार्क केलाय का? नसेल तर आत्ताच करा. मशीन टूल वर्ग ७ मध्ये येतात, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, एकदा रजिस्टर झाला की १० वर्षं चालतो. डॉट इन कुणी बळकावलं असेल तर आयएनडीआरपीखाली (डॉट इनच्या वादांसाठीच्या नियमांखाली) तक्रार करताना त्याचा उपयोग होतो.

सिसॅडमिन_कर्वेनगर
ट्रेडमार्क चांगली गोष्ट आहे, पण डॉट इनचं भांडण इथे नाहीये आणि मंगळवारपर्यंत त्याचा उपयोगही नाही. भोसरीवाले दादा, लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग वर जा आणि डोमेन टाका. रजिस्ट्रार (डोमेन जिथे नोंदवलंय ती कंपनी) कोण, एक्स्पायरी कधी, नेमसर्व्हर (साइट आणि मेल कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) कोणते, या तीन गोष्टी बघा. मालकाचं नाव बहुतेक झाकलेलं असेल, त्याची काळजी नको. डोमेनचं नाव मात्र इथे टाकू नका, फोरम सगळे वाचतात, नाव आणि तारीख बघून खोट्या रिन्यूअलच्या मेल पाठवणारे टपलेले असतात.

भोसरी_सेक्टर७
बघितलं. एक्स्पायरी पुढच्या महिन्यात आहे. रजिस्ट्रार एक मोठी कंपनी दिसतेय, आमचं तिथे कधी अकाउंट नव्हतं. नेमसर्व्हरमध्ये त्या वेबसाइटवाल्याच्या फर्मचं नाव आहे. मालकाच्या जागी रिडॅक्टेड. म्हणजे गेलं का सगळं त्याच्या नावावर?

काळा_टर्मिनल
गेलं समजा. डॉट इन घ्या नवीन, पाच मिनिटांत मिळेल, त्यावर मेल लावा. आणि नंतर व्हीपीएस घ्या.

सिसॅडमिन_कर्वेनगर
इतक्यात सोडू नका. गेटवर, कार्डावर, जुन्या कोटेशनवर जे नाव आहे ते सहजासहजी सोडायचं नाही. ते एक्स्पायर होऊन दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाला तुमच्याच नावाने मेल पाठवू शकेल, चाकणवाल्यांनी वर सांगितलं तसंच. आता महत्त्वाचं. डॉट कॉम नोंदवताना मालकाचा म्हणून जो ईमेल दिलेला असतो त्यावर पडताळणीची मेल येते, १५ दिवसांत तिला उत्तर दिलं नाही तर डोमेन स्थगित करतात. शिवाय तुमची माहिती बरोबर आहे ना, असं विचारणारी मेल रजिस्ट्रारला दरवर्षी पाठवावीच लागते. तुमच्या पप्पांचा त्या वेळचा ईमेल कुठला होता? त्यात रजिस्ट्रारचं नाव टाकून शोधा, स्पॅममध्येही बघा.

भोसरी_सेक्टर७
पप्पांचा रेडिफमेल आहे, पासवर्ड त्यांच्या डायरीत आहे. बघतो.

मायमराठी_जाल
रेडिफमेल अजून चालू आहे हे वाचून खरंच बरं वाटलं. माझी पहिली नोकरी लागल्याची मेल रेडिफवरच आली होती. त्या काळी आप्पा बळवंत चौकातल्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन मेल बघायचो.

पाषाणकर
आम्ही डेक्कनला जायचो. रांग असायची.

भोसरी_सेक्टर७
सापडली! त्याच रजिस्ट्रारची मेल दरवर्षी आलेली आहे, पप्पांनी एकही उघडलेली नाही. त्यात रजिस्ट्रंट म्हणून पप्पांचं नाव आणि आमच्या फर्मचं नाव आहे. सर आता काय करू? ट्रान्सफर करून घेऊ का दुसरीकडे?

सिसॅडमिन_कर्वेनगर
सर नाही, ताई म्हणा. मालक तुम्हीच आहात, मोठी काळजी गेली. ट्रान्सफर आत्ता नको. त्याला ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) लागतो, मग पाच-सात दिवस जातात, आणि तुमच्याकडे वेळ नाही. रजिस्ट्रारच्या साइटवर जाऊन फरगॉट पासवर्ड करा आणि रेडिफचा पत्ता द्या. वेबसाइटवाला रिसेलर (रजिस्ट्रारची डोमेन पुढे विकणारा) असेल तर खातं त्याच्या पॅनेलमध्ये असेल आणि रीसेटची मेल येणार नाही, मग रजिस्ट्रारच्या सपोर्टला रेडिफवरूनच मेल टाका, सोबत पप्पांचं ओळखपत्र आणि फर्मचं जीएसटी सर्टिफिकेट जोडा, रिसेलर प्रतिसाद देत नाही असं स्पष्ट लिहा. आत शिरलात की आधी रिन्यू करा, बाकी सगळं नंतर.

ताथवडे_वेब
रिन्यू एकदम पाच वर्षांचं करा. डॉट कॉम जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत भरता येतं.

काळा_टर्मिनल
एवढे पैसे एकदम कशाला अडकवायचे? ऑटो रिन्यू लावा.

ताथवडे_वेब
ऑटो रिन्यूचं कार्ड बदललं की पेमेंट फेल होतं आणि कळत नाही. मग डोमेन रिडेम्प्शनमध्ये (सोडवून घ्यायच्या मुदतीत) जातं, ते ३० दिवस असतं आणि त्यात सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे मागतात, त्यानंतर पाच दिवसांनी कुणालाही घेता येतं. गिऱ्हाइकांचं असं झालेलं बघितलंय, म्हणून सांगतोय.

भोसरी_सेक्टर७
ताई रीसेटची मेल आली, आत शिरलो. तीन वर्षांचे पैसे भरले. आता मेल कुठली घेऊ? झोहोचं फुकट आहे म्हणतात. पप्पा आउटलुकमध्ये मेल बघतात.

सिसॅडमिन_कर्वेनगर
झोहोच्या फुकट प्लॅनमध्ये आयमॅप नाही, म्हणजे आउटलुकला जोडता येणार नाही, फक्त ब्राउझर आणि त्यांचं ॲप. आउटलुक हवंच असेल तर पैसे भरून घ्या, झोहो घ्या किंवा गूगल वर्कस्पेस घ्या, दोन-तीन आयडीच लागणार आहेत तुम्हाला. आता नीट वाचा. डोमेनचे नेमसर्व्हर त्या वेबसाइटवाल्याचे आहेत, म्हणजे मेल कुठे जायची हे ठरवणारे एमएक्स रेकॉर्ड आत्ता त्याच्या हातात आहेत. म्हणून नेमसर्व्हर बदलून रजिस्ट्रारचे स्वतःचे लावायचे. पण त्याआधी सध्याच्या साइटचा आयपी (तिच्या सर्व्हरचा नंबर) लिहून ठेवा, कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप आणि पुढे डोमेन टाकलं की दिसतो. रजिस्ट्रारकडे ए रेकॉर्डला (साइट कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीला) तोच आयपी टाका, तसाच दुसरा रेकॉर्ड डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी करा, म्हणजे जुनी साइट आहे तशी चालू राहील. मग मेलवाल्याने दिलेले एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम टाका, शेवटचे दोन म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलीय हे दाखवणाऱ्या नोंदी. एसपीएफचा रेकॉर्ड एकच ठेवायचा, दोन झाले की तपासणीच फेल होते आणि मेल स्पॅममध्ये जाते. हे सगळं आज रात्रीच करा. डॉट कॉमचे नेमसर्व्हर बदलले की जगभर पोचायला ४८ तास लागू शकतात, आज शुक्रवार आहे, म्हणजे सोमवारी तुमच्या हातात टेस्ट करायला दिवस राहील.

पाषाणकर
टेस्टची मेल जीमेलला पाठवून त्यात शो ओरिजिनल उघडा, एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे पास लिहिलेलं दिसलं पाहिजे.

एसईओ_हडपसर
साइटवर ब्लॉग सुरू करा आणि रोज एक रील टाका, सहा महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर याल. पॅकेज हवं असेल तर मेसेज करा.

चाकण_परचेस
आम्ही फिक्स्चरवाला रील बघून निवडत नाही हो. मशीनची यादी, टेबलची साइज, सीएमएम (मापं तपासणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट देता का, आयएसओ आहे का, एवढं एका पानावर टाका, तेच आम्ही वाचतो.

भोसरी_सेक्टर७
सोमवार दुपार. मेल जातेय, येतेय, दोन्हीपुढे पास आलं. पोर्टलने आयडी घेतला, फॉर्म सबमिट झाला. ताई आणि सगळ्यांचे मनापासून आभार. चाकणवाले साहेब, मशीनची यादी याच आठवड्यात नवीन साइटवर टाकतो. जुनी साइट क्रोममध्ये नॉट सिक्युअर दाखवतेय, मग आता होस्टिंग कुठलं?

काळा_टर्मिनल
व्हीपीएस.

सिसॅडमिन_कर्वेनगर
साधं शेअर्ड घ्या, सर्व्हर भारतातला निवडा. घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: रिन्यूअलचा दर, फुकट एसएसएल (ज्याने ते नॉट सिक्युअर जातं ते सर्टिफिकेट) आपोआप नवं होतं का, आणि रोजचा बॅकअप तुम्हाला स्वतःला उतरवून घेता येतो का. मेल तिथे हलवू नका, आहे तिथेच राहू दे, म्हणजे उद्या होस्टिंग बदललं तरी मेल बंद पडणार नाही.

भोसरी_सेक्टर७
चालेल. आणि रजिस्ट्रारच्या खात्यात पप्पांच्या रेडिफऐवजी आमचा नवीन ऑफिशियल आयडी टाकून टाकू ना?

सिसॅडमिन_कर्वेनगर
तो नको. डोमेन कधी बंद पडलं तर त्याच डोमेनवरचा आयडीही बंद, मग पासवर्ड रीसेटची मेल येणार कुठे? तुमचा जीमेल टाका आणि टू स्टेप लावा. मालकाचा ईमेल बदलला की साधारण ६० दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, पण तुम्हाला ते कुठे न्यायचंच नाहीये, त्यामुळे आजच बदला.