सेकंडहँड डीजे मिक्सर घ्यायचाय, डीजेएम-८०० घेऊ का नको?

पेठेतला_बेस
भावांनो नमस्कार, मी कोल्हापूर, शिवाजी पेठ. दोन वर्सं झाली पायोनियरचा डीडीजे-४०० कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून वाजवायचं मशीन) वाजवतोय, हळद, बारसं, वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग असलं सगळं. आता एकानं जुना डीजेएम-८०० (पायोनियरचाच मिक्सर, ४ चॅनल म्हणजे चार सोर्स जोडायचा) दाखवलाय, ५५ हजार सांगतोय, "फक्त घरात वाजवलाय, शोपीस हाय" म्हणतोय. घरात विषय काढला मिक्सर घ्यायचाय म्हणून तर आई म्हणाली आपला चाललाय की बरा, परवाच तर त्याचं भांडं बदललंय 😂

माझा प्रॉब्लेम असा की कंट्रोलर स्टेजवर अन् डॉल्बीवाल्याचा साउंडचा रॅक लांब, १५ मीटर वायर टाकली की घूंऽऽ असा आवाज चालू होतोय, गाणं थांबलं की जास्तच ऐकू येतोय, पाहुणे वळून बघतात. डॉल्बीवाला म्हणाला तुझं ते खेळणं हाय, मिक्सर घे. तर कंट्रोलरची वायर मिक्सरमधी घालायची अन् तिथनं पुढं रॅकला असं माझ्या डोक्यात हाय. बरोबर हाय का? ४ चॅनल लागतंय का २ बास? बजेट ६० च्या आत, गणपतीच्या आधी घ्यायचंय. लवकर सांगा, त्यानं शनिवारपर्यंत थांबतो म्हणलंय.

रंकाळ्याचा_वारा
घे की मर्दा, डीजेएम-८०० म्हणजे विषय हार्ड. जुन्या पायोनियरचा आवाज नव्यात नाही. नाद खुळा मशीन.

ताराराणी_चौक
थांब, पैसे देऊ नको अजून.

वरच्या भावाचं मशीनवरचं प्रेम कळतंय, पण प्रश्न काय हाय ते आधी बघा. डीडीजे-४०० मध्ये मिक्सर आतच असतोय. दोन डेक, मध्ये फेडर (आवाज वरखाली करायची सरकपट्टी), इक्यू (बेस-ट्रेबलचे नॉब), क्रॉसफेडर (एका गाण्यावरनं दुसऱ्यावर न्यायची आडवी पट्टी), ते सगळं मिसळून मागं मास्टरला एकच जोडी बाहेर पडते. ती जोडी तू ८०० च्या एका चॅनलमध्ये घातलीस तर उरलेली तीन चॅनल बघत बसणार. मिक्सिंग तर तू कंट्रोलरवरच करणार ना? वेगळा डीजे मिक्सर कधी लागतो, तर सीडीजेची (सीडी-पेनड्राइव्ह वाजवायचे डीजेचे प्लेअर) जोडी असली, टर्नटेबल (तबकडीचे प्लेअर) असली, किंवा दोघं मिळून वाजवत असला तर. नुसत्या कंट्रोलरला तो म्हणजे सायकलला दुसरी घंटी.

आता तुझं घूं. डीडीजे-४०० ला मागं फक्त आरसीए (टीव्हीची लाल-पांढरी पिन) आहे, एक्सएलआर (माइकची तीन पिनवाली जाड वायर) नाही. आरसीए म्हणजे अनबॅलन्स्ड, बाहेरचा गोंगाट अडवत नाही, दोन-तीन मीटरपर्यंत ठीक, १५ मीटर टाकलास की ती वायर नाही राहत, अँटेना होते. त्यात तुझा लॅपटॉप चार्जरवर असणार, चार्जरचं अर्थिंग एक अन् रॅकचं अर्थिंग दुसरं, दोन्हीच्या मधून जो फेरा तयार होतो तोच हा आवाज. एक कर, पुढच्या कार्यक्रमात घूं चालू झालं की चार्जर उपसून बघ. गेलं तर निदान झालं.

उपाय म्हणजे स्टिरिओ डीआय बॉक्स, आरसीएचा सिग्नल लांब वायरला चालंल असा बॅलन्स्ड करणारी डबी. कंट्रोलरपासून हातभर आरसीए, डीआय, तिथनं पुढं एक्सएलआर. डीआयचं आउटपुट माइक लेव्हलचं असतंय म्हणून समोरच्याला माइकच्या इनपुटला घे म्हणून सांगायचं, लाइनला लावलं की तो म्हणणार आवाजच नाही. ग्राउंड लिफ्टचं (तो अर्थिंगचा फेरा तोडायचं) बटण असलेलाच घे. आणि एक, कुणीतरी सांगणार की रॅकच्या प्लगची अर्थची पिन मोडून टाक, घूं जातंय. जातंय खरं, पण पावसातला मांडव, ओली माती, जनरेटर, अन् हातात माइक. अजिबात करू नको.

सोल्डरगन_लक्ष्मीपुरी
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त सेकंडहँडचं बोलतो, रिपेरीचा धंदा आहे, गणपती झाले की महिनाभर माझ्या टेबलावर हेच.

मिक्सर घरात वाजवलाय का मिरवणुकीत ते माणसाला विचारायचं नाही, नॉबला विचारायचं. इक्यूचा एखादा नॉब सरळ वर ओढून काढ, अलगद निघतो, अन् खालची कडी बघ. गुलाबी दिसली की समजायचं. वरून फडक्यानं कितीबी पुसा, गुलाल आत गेलेला असतोय, फेडरच्या फटीतनं. लई बारीक पावडर ती. उघडलेलं मशीन बघितलं की जोतिबाच्या डोंगरावर आल्यासारखं वाटतंय. ती पावडर फेडरच्या कार्बन ट्रॅकवर घासत राहते, मग खर्र खर्र. त्यावर लोक चेन-लॉकला मारायचा साधा स्प्रे मारतात, दोन दिवस गुळगुळीत चालतंय, अन् तेल राहिलं की परत धूळ धरून आधीपेक्षा बेकार. फेडरचा वेगळा क्लीनर मिळतोय तोच वापरायचा, अन् ट्रॅक झिजला असंल तर क्लीनरचा पण उपयोग नाही, फेडर बदलायचा.

बघायला जाताना स्वतःचा हेडफोन, पेनड्राइव्ह अन् एक सोर्स घेऊन जा. गाणं न लावता मास्टर वर कर, मग एकेक फेडर अगदी हळू वरखाली कर, नॉब फिरव. खरखर तिथंच ऐकू येते, गाणं चालू असलं की लपते, म्हणून विकणारा पहिलं काय करतोय तर मोठ्यानं गाणं लावतोय. मग एकच गाणं एकच ट्रिम (चॅनलमध्ये येणाऱ्या आवाजाची लेव्हल) ठेवून चारी चॅनलला फिरव, मीटरवर चारी सारखे चढले पाहिजेत. क्रॉसफेडर एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं हेडफोनात नाही, मास्टरला झिरपतंय का ते ऐक. हेडफोनची पिन हलव. एक्सएलआरची दोन्ही टोकं वेगवेगळी लाव, डावं-उजवं. अन् अर्धा तास चालू ठेव, चहा पी त्याच्याकडं. गार असताना चालणारी अन् तापली की एक बाजू जाणारी मशीनं मी लई बघितलीत.

मागची पट्टी वाच, व्होल्टेज. बाहेरनं आलेला माल असतोय, जपानचा १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० चा. आपल्याकडं २३०. मागच्या वर्षी एक पोरगं भावानं परदेशातनं पाठवलेला मिक्सर घेऊन आलं, पहिल्यांदा लावला तोच शेवटचा. ट्रान्सफॉर्मर असा करपला होता की दुकानात दिवसभर वास.

पुण्यात_पण_कोल्हापूरचा
मी पुण्यात क्लबला वाजवतो म्हणून जरा वेगळ्या बाजूनं. डीजेएम-८०० हे २००६ चं मॉडेल. त्यात यूएसबी साउंडकार्ड नाही, म्हणजे लॅपटॉप थेट जोडून टाइमकोडनं (खास तबकडी किंवा सीडी फिरवून लॅपटॉपातलं गाणं) वाजवायचं तर वेगळं साउंडकार्ड विकत घ्यावं लागणार. इफेक्ट मस्त आहेत, फिल्टर अजूनही आवडतो मला, पण त्या पैशाला आज नको. पुढं कधी सीडीजे घेणार असशील तर २०१७ चे दोन आहेत, डीजेएम-४५० आणि डीजेएम-२५० एमके२. दोन्ही दोन चॅनलचे, दोन्हीत साउंडकार्ड. २५० मध्ये फक्त फिल्टर, ४५० मध्ये बीट इफेक्ट पण. एकट्यानं हळदी वाजवायला दोन चॅनल रग्गड, चार चॅनल म्हणजे बहुतेकांचे दोन कायम रिकामेच असतात, माझे पण.

आणि सेकंडहँड सीडीजे बघायला गेलास तर क्यू आणि प्लेची बटणं पंचवीस-तीस वेळा दाब. जिथं सगळ्यात जास्त बोट पडतं तिथंच मरतात, एकदा दाबलं की दोनदा लागतं नाहीतर लागतच नाही. आतला स्विच स्वस्त असतो, भाव पाडायला चांगलं कारण. पेनड्राइव्ह एफएटी३२ करून ने, एनटीएफएस जुनं सीडीजे वाचत नाही आणि मग तू मशीनला नावं ठेवत परत येशील.

रंकाळ्याचा_वारा
बरं बाबा, मी माझा शब्द मागं घेतला. पण आवाज भारी होता ८०० चा 😐

ताराराणी_चौक
आवाज रॅकवर असतोय रे, अन् रात्री १० ला तो पण बंद.

पेठेतला_बेस
सगळ्यांना लई लई धन्यवाद. अपडेट देतो.

काल उचगावला हळद होती. घूं चालू झालं, मी चार्जर उपसला, गप्प. परत लावला, घूं. चार वेळा केलं, डॉल्बीवाला बघतच बसला, त्याला वाटलं मी काय जादू करालोय. बॅटरी ४० टक्के होती म्हणून शेवटची दोन गाणी जीव मुठीत धरून.

अन् आज त्या ८०० कडं पण जाऊन आलो, राहवलं नाही. त्यानं आल्या आल्या गाणं लावलं मोठ्यानं, मला हसूच आलं. मी म्हणलं बंद करा जरा. तिसऱ्या चॅनलचा फेडर अर्ध्यात आला की खर्रर्र, कढईत मोहरी पडल्यागत. मग इक्यूमधला 'लो'चा, म्हणजे बेसचा नॉब काढला. पांढऱ्या कडीवर बारीक गुलाबी रिंगण, नखानं खरवडलं तर नखात आलं. मी त्याला दाखवलं तर म्हणतोय, "घरातलाच हाय हो, पोरं रंगपंचमीला खेळलेली." घरात. मिक्सरच्या आत. रंगपंचमी.

निघताना ५५ वरनं ३० वर आला. मी काही बोललो नाही. डीआय अन् एक्सएलआर केबल घेतोय, बाकीचे पैसे सीडीजेसाठी बाजूला टाकतोय.

सोल्डरगन_लक्ष्मीपुरी
२० ला देतोय का विचार त्याला. दे म्हणला तर माझ्याकडं पाठव, फेडर पडलेत माझ्याकडं दोन-चार.