स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून सोडून द्यायची?

'दुखत नाही ना, मग कशाला तपासायची?' हे काही पटलं नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. उलट पाळीआधी ठणकणारी, नंतर ओसरणारी गाठ बरेचदा साधी निघते. विशी-तिशीत बोटाखालून गोटीसारखी सुळकन निसटते ती बहुतेकदा कर्करोग नसलेली साधी गाठ, म्हणजे फायब्रोअ‍ॅडेनोमा. पण ते बोटांनी ठरवायचं नसतं. तिशीच्या आत सहसा आधी सोनोग्राफी करतात, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही (स्तनाचा एक्स-रे). पाण्याची गाठ सोनोग्राफीतच कळते. भरीव, शंकास्पद असेल तर सुईने बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी (सुईने गाठ पसरते ही भीती सोडा). त्वचेला खळी, स्तनाग्र आत ओढलेलं, रक्ताळ स्राव दिसला तर पाळीनंतर ओसरेल म्हणून वाट बघू नका. आणि मॅमोग्राफी नॉर्मल येऊनही गाठ हाताला लागतच असेल, तर तपासणी तिथे संपत नाही.