आईची रूट कॅनलवाली दाढ आणि तोंडावर आलेला प्रवास

नमस्कार मंडळी,

आईबाबा सांगलीहून इकडे यायचेत, व्हिसा तिकीट सगळं झालंय, पुढच्या महिन्याच्या शेवटी मुंबईहून फ्लाइट आहे, आणि नेमकी आता आईची दाढ ठणकायला लागलीय. वरची, उजवीकडची, मागे रूट कॅनल करून कॅप बसवलेली. नस काढलेली असताना दुखतंय कसं हेच तिला कळत नाहीये. हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटली की तोंडात खारट लागतं, मग जरा बरं वाटतं आणि परत येते. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, म्हणाले मुळाशी इन्फेक्शन आहे, मूळ चिरलं असावं, काढून टाका. बाबा म्हणतात गोळ्यांचा कोर्स करून जाऊया, परत आल्यावर बघू. आई म्हणते पुन्हा रूट कॅनल करून वाचते का बघा. तिला शुगर आहे, स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ व्हायच्या गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे मला कशाचीच खात्री वाटत नाही. कोणाला यातली माहिती असेल तर प्लीज लिहा.

—

ताई,

मी मिरजेचा, इकडे दातांचीच प्रॅक्टिस करतो. एक्सरे न बघता निदान सांगणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगतो.

रूट कॅनलमध्ये दाताच्या आतली नस काढतात, मुळाभोवतीचं हाड मात्र जिवंतच असतं, दुखतं ते तिथं. जंतू परत दोन तीन वाटांनी येतात. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथी बारीक नळी असते ती राहून गेलेली असते, किंवा कॅपच्या कडेनं लाळ आत झिरपते, किंवा मूळ उभं चिरतं. पहिल्या दोन्हींत पुन्हा रूट कॅनल करून दाढ वाचू शकते, तेव्हा आईंचं म्हणणं चुकीचं नाही. पण उभी चीर असेल तर कितीही साफ करा, जंतू त्या चिरेतून जात येत राहतात, तिथं काढण्याशिवाय इलाज नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच, चीर आहे का नळी राहिलीय? मुळाच्या कडेनं एकाच जागी सुई खोल जाते का ते ते बघतील. सीबीसीटी, म्हणजे दाताचा थ्रीडी एक्सरे स्कॅन, करून घ्या, पण आतल्या भरावामुळे स्कॅनमध्ये बारीक चीर लपते, कॅप काढून निळा रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघितलं की खात्री होते. मिरजेला जा की, 1894 च्या मिशन हॉस्पिटलपासून दवाखान्यांचंच गाव आहे ते, सोय होईल.

बाबांना सांगा, गोळ्यांनी सूज उतरेल, पू थांबेल, पण औषध रक्तातून पोचतं आणि मेलेल्या दाताच्या आत रक्तच जात नाही, तेव्हा मूळ कारण तिथंच राहतं आणि प्रवासात नाहीतर इकडे आल्यावर परत उठतं. विमानात केबिनचं प्रेशर साधारण 6000 ते 8000 फूट उंचीवर असतं तेवढं असतं, दातात कुठं हवा अडकली असेल तर ठणका वाढू शकतो.

काढायची ठरली तर आत्ताच काढा, उगाच लांबवू नका. वरच्या दाढेची मुळं सायनसला लागून असतात, काढताना तिथं वाट उघडली तर दोन एक आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं आणि विमान प्रवास टाळायचा. शिवाय खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडणं, ड्राय सॉकेट, हे बहुतेक तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास होतं आणि ते फार दुखतं, तेव्हा डॉक्टर गावातच हवेत.

रक्त पातळच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका, स्टेंटवाल्याला ते जास्त धोक्याचं आहे. एक दाढ साधारणपणे गोळ्या चालू ठेवून, टाका घालून काढता येते, हार्टच्या डॉक्टरांना एक फोन करून घ्या. सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि शुगरची गोळी नेहमीसारखी. हाडं ठिसूळ म्हणून कधी इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा. दुखलं तर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन वगैरे नको. आणि राग मानू नका, आई मिश्री लावत असतील तर जखम भरेपर्यंत पूर्ण बंद.

—

ताई,

दादांचं ऐका. आमच्या सासूबाई साताऱ्याहून अशाच गोळ्या घेऊन आल्या होत्या, येऊन आठवडा होतोय तोवर सगळा गाल सुजला, तोंड उघडेना, घास गिळता येईना, रात्रीच इमर्जन्सीत न्यावं लागलं. तिथं डॉक्टर म्हणाले, जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास असं काही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, श्वासाची वाट दाबली जाऊ शकते. परक्या देशात, परक्या भाषेत, त्या माउलीचे फार हाल झाले, मला अजून वाईट वाटतं. आणि व्हिजिटर इन्शुरन्स नीट वाचा, आमच्या पॉलिसीत आधीपासून दुखणारा दात कव्हर नव्हता, सगळं खिशातून गेलं.

—

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दादांचा मेल बाबांना फोनवर मोठ्यानं वाचून दाखवला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी मिरजेची अपॉइंटमेंट घेतली.

कॅप काढून रंग लावल्यावर मुळाच्या कडेनं खाली जाणारी केसासारखी निळी रेघ डॉक्टरांनी आईला स्क्रीनवर दाखवली, तिनं स्वतः बघितलं मग वाचवायचा विषय तिनंच सोडला. हार्टच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. भूल दिली, दाढ कापून तिन्ही मुळं वेगवेगळी काढली, त्यामुळे सायनसला धक्का लागला नाही, टाके घातले. बोळा पाऊण तास दाबून धरायला लावला. पहिला दिवस चूळ नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळूच गुळण्या. गार ताकभात आणि मऊ खिचडी चाललीय, रात्री उशी उंच घेऊन झोपते. बाबांनी टाके काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय, चौथ्या दिवशी दाखवायलाही स्वतःहून घेऊन गेले. ड्राय सॉकेट नाही, जखम चांगली आहे म्हणाले.

रिकाम्या जागेत इम्प्लांट का ब्रिज ते सांगलीला परतल्यावर, तीनचार महिन्यांनी हाड भरलं की ठरवायचं. प्रवासात एक्सरे, डिस्चार्जचा कागद आणि औषधांची चिठ्ठी हँडबॅगेत ठेवायला सांगितलंय.

वहिनी, तुमच्या पॉलिसीतलं ते दातांचं पान मला पाठवाल का? आमची घ्यायची अजून बाकी आहे, बाबांच्याही एका दाढेला कॅप आहे.