चौगान शाहनाम्याच्याही आधीचा

पोलो मूळचा मणिपूरचा की इराणचा, असा वाद चालतो. आधुनिक पोलो मणिपूरच्या सगोल कांगजेई या घोड्यावरच्या खेळातून आला, हे मणिपूरच्या बाजूचं म्हणणं बरोबरच आहे. आसामातल्या सिलचरला १८५९ साली ब्रिटिशांनी क्लब काढला तो तिथल्या मणिपुरींचा खेळ पाहूनच. पण 'इराणकडे शाहनाम्यापलीकडे पुरावा काय?' हा त्यांचा सवाल मात्र पटत नाही. (शाहनामा म्हणजे फिर्दौसीचं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं फारसी महाकाव्य.) पहलवी या इराणच्या जुन्या भाषेतली अर्दशीरची कथा पाहा. अर्दशीर म्हणजे तिसऱ्या शतकात इराणमध्ये ससानी राज्य उभं करणारा राजा. त्या कथेत त्याचा नातू होर्मज्द राजपुत्रांबरोबर चौगान, म्हणजे इराणचा जुना पोलो, खेळत असतो. चेंडू थेट राजाजवळ येऊन पडतो, बाकीची मुलं जागीच थबकतात, आणि हा पोरगा बिनधास्त जाऊन चेंडू घेऊन येतो. त्या धिटाईवरूनच आजोबांना शंका येते की हे आपलंच रक्त असावं. प्रसंग दंतकथा असेल, पण माझ्या मते खरा पुरावा वेगळाच आहे: सांगणाऱ्याला खेळ समजावून सांगावा लागत नाही, ऐकणाऱ्यांना तो माहीत असणार हे त्यानं गृहीतच धरलंय.

आणि दगडातला पुरावा हवा असेल तर इराणमधल्या इस्फहान शहराचा नक्श-ए-जहाँ चौक आहेच, तिथे चौगान खेळायचे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा इराणी बादशहा शाह अब्बास याच्या काळातला, सुमारे ५६० मीटर लांब. दोन्ही टोकांना गोलचे दगडी खांब आजही उभे आहेत. शाही मंडळी चौकाच्या कडेच्या 'आली कापू' नावाच्या महालाच्या सज्जातून सामने बघायची. इस्फहानला गेलात तर मशिदींच्या घुमटांबरोबर हे खांबही आवर्जून बघा, बहुतेक लोक त्यांच्याजवळून तसेच निघून जातात.