मदत हवी आहे: दोन इंटरफेसवर मिळून एकच बँडविड्थ मर्यादा कशी लावावी?

नमस्कार. सांगलीत विश्रामबागला आमची अभ्यासिका आहे. तिथे १०० एमबीपीएसची एकच फायबर जोडणी असून लिनक्स राउटरला आतल्या बाजूने दोन इंटरफेस आहेत, एक वायरच्या संगणकांसाठी आणि दुसरा वायफायसाठी. दोन्हींवर मी ९० एमबीपीएसचा स्वतंत्र एचटीबी (वेगाची मर्यादा घालून तो वाटून देणारी लिनक्समधील रांग) लावला आहे. परंतु तो आपापल्या इंटरफेसपुरतेच मोजत असल्याने संध्याकाळी दोन्हीकडची मागणी एकदम वाढली की पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) १२ वरून ४०० मिलिसेकंदांवर जातो आणि ऑनलाइन सराव पेपर सोडवणाऱ्या मुलांचे पान अर्ध्यावरच अडकते. प्रत्येकी ४५ ची वाटणी मला पटत नाही, कारण एक बाजू रिकामी असताना तिचा वाटा वाया जातो.

बाहेरच्या इंटरफेसवर येणारी रहदारी आयएफबीकडे (लिनक्समधील आभासी इंटरफेसकडे) वळवून पाहिली, पण तिथे नॅट (आतल्या सर्व पत्त्यांऐवजी बाहेर एकच पत्ता दाखवण्याची सोय) उलगडण्याआधीची पाकिटे दिसतात, त्यामुळे आतला पत्ता कळत नाही. म्हणून आतल्या दोन्ही इंटरफेसवरून निघणारी पाकिटे एकाच आयएफबीवर नेऊन तिथे एचटीबी व त्याखाली एफक्यू-कोडेल (प्रत्येक प्रवाहाला समान संधी देऊन विलंब कमी ठेवणारी रांग) लावण्याचा विचार आहे. मात्र आमच्या फाइल सर्व्हरची अंतर्गत रहदारी या मर्यादेतून वगळायची आहे. त्यासाठी आयपीटेबल्सचा (लिनक्सच्या फायरवॉलचा) मार्क, म्हणजे पाकिटावरची खूण, वापरावा, की टीसीच्या (लिनक्समधील रहदारी नियंत्रणाच्या साधनाच्या) फिल्टरमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता तपासणे पुरेसे आहे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे.