पुनर्मूल्यांकन, फेरमूल्यांकन की दखल?

प्रश्न : चार्ल्स बर्नेट या अमेरिकन दिग्दर्शकावर लेख लिहितोय. ‘अलीकडे त्यांच्या कारकिर्दीचं पुनर्मूल्यांकन झालं’ हे वाक्य कानाला खटकतंय. ‘फेरमूल्यांकन’ करू का?

उत्तर : नको. त्याला उत्तरपत्रिकेचा वास येतो. शिवाय ‘पुनर्’ काय किंवा ‘फेर’ काय, आधी एकदा मोल ठरलंय हे दोन्हींत गृहीत आहे. त्यांचा ‘किलर ऑफ शीप’ हा चित्रपट प्रेक्षकांनी नाकारला नव्हता, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. बर्नेट यूसीएलए विद्यापीठात शिकत असताना लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत त्यांनी तो चित्रित केला. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते, त्यामुळे २००७पर्यंत तो रीतसर थिएटरांत लागूच शकला नाही. मी ‘उशिरा दखल घेतली गेली’ असं लिहीन.

दुसरं मत : इथे मी सहमत नाही. १९८१ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘किलर ऑफ शीप’ला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत, तो गेला. म्हणजे जाणकारांनी दखल केव्हाच घेतली होती. खाटीकखान्यात राबून आलेला त्यातला नायक स्टॅन बायकोबरोबर डायना वॉशिंग्टनच्या गाण्यावर नाचतो. उघडं अंग, अंधारी खोली, मागे खिडकीचा उजेड. गाणं संपतं, ती त्याला बिलगते आणि तो हळूच सुटून निघून जातो. हा प्रसंग पाहिलेल्याला त्याचं मोल कळायला तीस वर्षं लागत नाहीत. उशीर झाला तो सामान्य प्रेक्षकांना. तिथे साधं ‘लोकांसमोर आला’ पुरे.

‘पुनर्मूल्यांकन’ मात्र टाकून देऊ नका. बर्नेट यांच्याच ‘माय ब्रदर्स वेडिंग’ या चित्रपटासाठी तोच शब्द नेमका आहे. १९८३ साली त्याची अपुरी संकलित प्रत महोत्सवात दाखवली गेली, परीक्षण बेताचं आलं आणि चित्रपट बासनात गेला. पुढे बर्नेट यांनी तो स्वतः पुन्हा संकलित केला, तेव्हा समीक्षकांना आपलं मत नव्याने बनवावं लागलं. इथे ‘पुनर्’ खरोखर लागू आहे.

आणि २०१७च्या मानद ऑस्करला कृपया यातलं काहीच म्हणू नका. तो गौरव.

प्रश्नकर्ता : पटलं. वाक्य असं केलंय : ‘“किलर ऑफ शीप” २००७ साली लोकांसमोर आला, “माय ब्रदर्स वेडिंग”चं पुनर्मूल्यांकन झालं, २०१७ साली मानद ऑस्कर देऊन बर्नेट यांचा गौरव करण्यात आला.’